आधी कागद, मग शाई, मग निब

मे महिन्याचा शेवटचा आठवडा हा माझ्या कामाचा वर्षातला सगळ्यात भरगच्च आठवडा. पूर्वी शाळेत नाव घालताना मुलाची जन्मतारीख घरच्यांना सांगता आली नाही की गुरुजी सरळ १ जून लिहीत. त्या १ जूनवाल्यांची नोकरी ३१ मे रोजी संपते. त्यामुळे याच दिवसांत सोनपेठ तालुक्यातल्या गावोगावी सेवापूर्तीचे कार्यक्रम लागतात. शाल येते, श्रीफळ येतं, फेटा येतो आणि त्यांच्यासोबत मानपत्र येतं. ती मानपत्रं मी हाताने लिहिते. टोकदार निबेच्या टाकाने, शाईच्या बाटलीत बुडवून.

चौकाचौकात फ्लेक्स लागतात त्या काळात हे काम टिकून आहे. ज्या माणसाने उभी हयात फळ्यावर दुसऱ्यांसाठी लिहिलं, त्याच्यासाठी कुणीतरी बसून लिहावं, असं त्याच्या सहकाऱ्यांना मनापासून वाटतं. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं आणि फोनवरून चौकशी करणारे हौशी लोक पहिला प्रश्न एकच विचारतात : निब कोणती घेऊ? माझ्या मते तो शेवटी विचारायचा प्रश्न आहे. का, ते माझ्या एका दिवसातून सांगते.

पहाटे ५

लिहिण्याची खरी वेळ ही. दुपारी आमच्या परभणी जिल्ह्यात पारा ४२-४३च्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी होते की निब बाटलीतून काढून कागदाला टेकेपर्यंत तिच्या टोकावरची शाई आळते. पहिली रेघ उमटत नाही, आणि जोर दिला की एकदम ठिपका पडतो. कूलर लावला तर वेगळीच अडचण. त्याचा ओलसर वारा कागद दमट करतो आणि रेघेच्या कडा फुटतात. म्हणून उन्हाळ्यात शक्यतो पहाटे आणि रात्री लिहायचं, मधला दिवस तयारीला द्यायचा, असा माझा शिरस्ता आहे.

उठल्यावर आधी शाई बघते. झाकण लावलेल्या बाटलीतूनही पाणी थोडं उडतंच. तिच्यात बोअरचं पाणी घालत नाही. इकडचं बोअरचं पाणी जड. त्यातल्या क्षारांनी शाईत गाळ बसतो. गाडीच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी मी शाईला वापरते. बॅटरीच्या दुकानात ते स्वस्तात मिळतं आणि त्यात क्षार नसतात. ड्रॉपरने एकेक थेंब सोडायचा आणि काडीने हळू ढवळायचं. बाटली हलवायची नाही. फेस आला की तो निबेवर चढतो.

दाटपणा बघायची रीत सोपी आहे. निब तिच्या भोकाच्या थोडी वरपर्यंत बुडवायची, बाटलीच्या काठाला टेकवून जास्तीची शाई सोडायची आणि उजेडात धरायची. भोकावर शाईचा पातळ पडदा धरून राहिला तर बरोबर. पडदा लगेच फुटून थेंब टोकाकडे धावला तर शाई पातळ आहे. तिला डिंकाचं पाणी हवं. पडदा जाड होऊन तिथेच बसून राहिला तर आणखी पाणी हवं.

नवी निब काढायची असेल तर तिचं तेल आधी काढते. कारखान्यात निबांना गंज लागू नये म्हणून तेलकट लेप देतात. तो राहिला तर शाई निबेवर पसरत नाही, तिचे मणी होतात. जुन्या ब्रशवर थोडी दातांची पेस्ट घेऊन निब दोन्ही बाजूंनी घासायची, धुवायची, सुती फडक्याने कोरडी करायची. काही जण काडेपेटीच्या ज्योतीवर लेप जाळतात. मी ते करत नाही, कारण जास्त तापलेल्या पोलादाची लवचीकता जाते आणि निब घ्यायची ती लवचीकतेसाठीच.

पहाटे साडेपाच ते आठ

आजचं मानपत्र जाड आयव्हरी कागदावर आहे. वर मोठ्या अक्षरांत 'मानपत्र', खाली सत्कारमूर्तींचं नाव, मग मजकुराच्या बारा-पंधरा ओळी, तळाशी शाळेचं नाव आणि दिनांक. तीन आकारांची अक्षरं, तीन निबा.

टोकदार निबेचं तंत्र थोडक्यात असं. निबेला मधोमध चीर असते आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना दोन पाती. दाब दिला की पाती फाकतात, मधून जास्त शाई उतरते आणि रेघ जाड होते. दाब काढला की पाती मिटतात आणि रेघ बारीक होते. पण निब आपल्याकडे ओढताना, म्हणजे खाली येणाऱ्या रेघेतच, पाती नीट फाकतात. वर जाताना दाब दिला तर टोक कागदात रुततं आणि शिंतोडे उडतात.

या लेखनाची बहुतेक पुस्तकं रोमन लिपीच्या कॉपरप्लेट वळणासाठी लिहिलेली आहेत. तिथे अक्षरं पायाच्या रेषेशी ५५ अंशांचा कोन करून उजवीकडे झुकतात. आपली देवनागरी ताठ उभी राहते आणि तिच्या डोक्यावर शिरोरेषा असते. ती आडवी असल्यामुळे टोकदार निब तिला जाड करू शकत नाही. बोरू सपाट कापलेला असतो, त्यामुळे बोरूने लिहिलेल्या देवनागरीत काना आणि शिरोरेषा दोन्ही भरदार येतात. टोकदार निबेत काना भरदार आणि शिरोरेषा बारीक, असाच तोल येतो. काही जण शिरोरेषा दोन-तीनदा गिरवून जाड करतात. मला ते पटत नाही. ज्या हत्याराने लिहायचं त्याचा स्वभाव अक्षरात दिसू द्यावा. मी शिरोरेषा एकदाच, श्वास रोखून, हलक्या हाताने ओढते आणि सगळं वजन कान्यांवर ठेवते.

'श्री' लिहिताना हे फार छान दिसतं. 'श'च्या वळणात हलका दाब, खाली येताना थोडा वाढवायचा, तळाशी यायच्या आधीच सोडायचा. मग दीर्घ वेलांटी. ती अक्षराच्या डोक्यावरून बारीक निघते, वर चढते, उजवीकडे वळते आणि काना होऊन खाली उतरते. चढताना निबेला फक्त कागदाचा स्पर्श, वळणावर दाबाची सुरुवात, आणि कान्याच्या मध्यावर पूर्ण दाब. टोकदार निबेला जे आवडतं ते सगळं या एका वेलांटीत आहे. ऱ्हस्व वेलांटीत काना आधी येतो आणि कमान नंतर, त्यामुळे तिला हा डौल येत नाही. सत्कारमूर्तींच्या नावात दीर्घ वेलांटी असली की मला आनंद होतो.

मजकुरासाठी मी जपानी जी निब वापरते. झेब्रा आणि निक्को या दोन कंपन्यांच्या जी निबा जपानमध्ये मांगा चित्रकथांसाठी वापरल्या जातात. त्या कडक असतात, हात जड असला तरी सांभाळून घेतात आणि पुष्कळ दिवस टिकतात. नावासाठी लिओनार्टची प्रिन्सिपल घेते. ती फार लवचीक. बारीक रेघ आणि भरदार काना यांतला फरक तिच्यात सगळ्यात जास्त दिसतो. पण तिला गुळगुळीत कागद आणि शांत हात लागतो. 'मानपत्र' या मोठ्या अक्षरांना ब्राउझची निळी स्टेनो. ती आकाराने मोठी, पोटात शाई जास्त धरते आणि सहज फाकते. गिलॉटची ३०३ आणि हंटची १०१ या दोन्ही निबा माझ्या डबीत आहेत. टोक फार तीक्ष्ण असल्यामुळे त्या फक्त अगदी गुळगुळीत कागदावर बाहेर येतात.

दांडी सरळच. मराठीला तिरका होल्डर लागत नाही. कागद मात्र वरच्या बाजूने थोडा डावीकडे कलता ठेवते, म्हणजे उजव्या हातातल्या निबेची चीर आणि अक्षराचा काना एका रेषेत येतात. चीर रेघेच्या दिशेत नसली की एकाच पात्यावर भार पडतो. कान्याची एक कड स्वच्छ आणि दुसरी खरखरीत दिसली, तर कागद फिरवायचा. निबेत दोष शोधायचा नाही.

आठ वाजता ऊन खिडकीत येतं. निब धुऊन, पुसून ठेवते.

सकाळी ९

चहा होईतो एका शाळेतून मॅडम आणि दोन सर आले. त्यांच्या मुख्याध्यापकांची निवृत्ती आहे. त्यांनी पुण्याहून हातकागद मागवला आहे. कडा फाटलेल्या, अंगात फुलांच्या पाकळ्या.

"ताई, यावर काळ्याभोर शाईत, एकदम बारीक नक्षीदार अक्षर पाहिजे," मॅडम म्हणाल्या.

मी कागद बोटांनी चाचपला. पुण्यात १९४०मध्ये हातकागद संस्था उभी राहिली ती गांधीजींच्या प्रेरणेने, के. बी. जोशी यांच्या प्रयत्नांतून. हातकागदाबद्दल मला प्रेम आहे. पण त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो. तीक्ष्ण निबेच्या पात्यांत त्याचे तंतू अडकतात, मग पुढच्या अक्षराला शेपटी फुटते. खळ कमी असेल तर पातळ शाई पसरते.

"मॅडम, कागद सुंदर आहे. बारीक नक्षी यावर येणार नाही. अक्षर थोडं मोठं आणि मोकळं घेऊ. एक कागद जास्तीचा द्या, आधी करून बघते."

त्या कबूल झाल्या. अशा कागदावर मी जी निब घेते आणि शाई काजळीची किंवा पोस्टर रंगाची. पोस्टर रंग पाण्यात कालवून साय न धरलेल्या दुधाइतका पातळ करायचा आणि डिंकाचे एक-दोन थेंब घालायचे. रंगाचे कण कागदाच्या वर बसतात, तंतूंत उतरत नाहीत, म्हणून कड फुटत नाही. शिवाय जिथे लिहायचं तो भाग आधी घोटून घेते. त्यासाठी माझ्याकडे गोदावरीच्या पात्रातला एक गुळगुळीत गोटा आहे. कागदावर दुसरा पातळ कागद ठेवून गोट्याने गोल-गोल घोटलं की तंतू बसतात. ही युक्ती आपल्याच भागातली. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतकं हातकागद होत आला आणि लिहिण्याचा कागद दगडाने घोटून चकचकीत करण्याची रीत जुनीच आहे.

सकाळी ११

उन्हाळी शिबिराची प्रमाणपत्रं घेऊन एक तरुण आला. नावांची यादी, छापील प्रमाणपत्रांचा गठ्ठा आणि संध्याकाळपर्यंतची मुदत. प्रमाणपत्रं चकचकीत आर्ट कार्डावर छापलेली, वरून प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेला.

अशा कार्डावर शाई बसत नाही. तिला आत शिरायला जागाच नसते. ती मण्यांसारखी वर राहते आणि हात लागला की पुसते. एका कार्डाच्या मागच्या कोपऱ्यात मी तीन शाया लावून दाखवल्या. फाउंटन पेनची शाई गोळा झाली. मायफळाची शाई फिकट राहिली आणि बोटाने निघाली. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई तेवढी धरली, कारण तिच्यात लाखेसारखा बांधणारा पदार्थ असतो.

मग नावाच्या जागेवर मऊ खोडरबर फिरवला, सुती पुरचुंडीतून शंखजिऱ्याची पूड हलकी थापली, झटकली, आणि जी निबेने वॉटरप्रूफ शाईत लिहायचं ठरवलं. शंखजिऱ्याने तेलकटपणा जातो आणि निबेला थोडी पकड मिळते. या शाईत एक काळजी घ्यावी लागते. ती निबेवर वाळली तर पाण्याने सुटत नाही. दर दोन नावांनंतर निब पाण्यात बुडवून पुसायची. ही शाई फाउंटन पेनात मात्र कधीच भरू नये. पेन कायमचं तुंबतं.

"ताई, संध्याकाळी नक्की ना?"

"चारनंतर ये दादा. आणि पुढच्या वेळी छापायला टाकायच्या आधी मला एक फोन कर."

दुपारी १ ते ४

जेवणानंतर बाजारपेठ शांत होते. या वेळात लिहायचं नाही. या वेळात निबा बघायच्या.

घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग माझ्याकडे आहे. त्यातून निबेची दोन्ही पाती एका पातळीत आहेत का, टोकं एकमेकांना टेकतात का, चिरेत वाळलेली शाई आहे का, हे दिसतं. एक पातं वर आलेलं असेल तर निब एका दिशेने ओरखडते. टोकं मिटत नसतील तर बारीक रेघ येणंच शक्य नाही. ती निब सरावाच्या डबीत जाते. निब ही झिजणारी वस्तू आहे. एका निबेवर माया ठेवून वर्षभर लिहिणारे बारीक रेघ आली नाही की आपल्या हाताला दोष देतात. निब बदलून बघावी.

या पोलादी निबांचं घर म्हणजे इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. १९व्या शतकात जोसेफ गिलॉट, जोसाया मेसन अशा कारखानदारांनी तिथे दाबयंत्रांवर निबा काढायला सुरुवात केली आणि जगात वापरल्या जाणाऱ्या टाकांत तिथल्या निबांचा मोठा वाटा होता. कारखान्यांत हजारो बायका काम करत. ती निब हिंदुस्थानात आली आणि शाळेच्या बाकाला दौतीचं भोक पडलं. शाई इथेच होऊ लागली. १९३१ साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांच्या भावाने हॉर्स ब्रँडच्या शाईच्या पुड्या आणि वड्या काढल्या. पुढे तीच कॅम्लिन झाली. पुडी पाण्यात घोळून दौत भरणारी पिढी आजही आपल्या घरांत आहे.

आज शाई घालायचाही दिवस आहे. माझी आवडती शाई मायफळाची. काष्ठौषधींच्या दुकानात बाळगुटीसाठी जे मायफळ मिळतं, तेच. ओकच्या झाडावर एक छोटी गांधीलमाशी अंडी घालते, तिथे झाडाला गाठ येते, ती गाठ म्हणजे मायफळ. त्यात टॅनिन भरपूर असतं. मायफळ ३ भाग, हिराकस २ भाग, डिंक १ भाग हे जुनं प्रमाण. मायफळं जाडसर कुटून पाण्यात भिजवायची, दोन-तीन दिवस उन्हात ठेवायची, गाळायची, मग त्यात हिराकस आणि विरघळवलेला डिंक. बुरशी येऊ नये म्हणून दोन लवंगा.

हिराकस म्हणजे लोहाचं सल्फेट. ते टॅनिनला मिळालं की जांभळट काळी शाई होते. लिहिताना ती फिकट राखाडी दिसते आणि हवेतला प्राणवायू लागला की गडद होत जाते. दुसऱ्या दिवशी रेघ काळी झालेली असते. ती कागदाच्या तंतूत पक्की बसते, पाण्याने जात नाही. म्हणूनच इंग्लंडमध्ये २०२१पर्यंत लग्नाच्या नोंदवह्या याच जातीच्या शाईने लिहीत आणि आपल्याकडेही या शाईचं भारतीय मानक आहे, आय.एस. २२०. टोकदार निबेला ती सगळ्यात मानवते. पातळ असूनही पसरत नाही आणि तिच्यात जितकी बारीक रेघ येते तितकी दुसऱ्या कुठल्या शाईत मला मिळालेली नाही. तिचे दोन दोषही आहेत. ती आम्ल असल्यामुळे निबेला गंज चढवते, आणि हिराकस जास्त झाला तर वर्षांनंतर कागद जाळते. म्हणून प्रमाण तोलून घ्यायचं, अंदाजाने घालायचं नाही.

दुपारी साडेचार

गोदाकाठच्या एका गावातून एक काका आले. पिशवीत जुने कागद. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हापासून मराठवाड्यात मोडी आणि उर्दू कागद पेट्यांतून बाहेर आले आहेत. १९४८पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, त्यामुळे एकाच घरात दोन्ही लिप्यांचे कागद निघतात.

"ताई, हे कवाचं हाय ते तरी सांगा."

मोडी मी वाचते, पण दाखल्यासाठी लागणारं वाचन जाणकाराकडून, रीतसर करून घ्यावं असं मी प्रत्येकाला सांगते. तरीही लेखणी बघून थोडं सांगता येतं. भिंगाखाली दोन कागद शेजारी ठेवले. एकावर आडवी ओळ आधी पूर्ण पानभर ओढलेली आणि तिला अक्षरं लटकवलेली. रेघेची जाडी फक्त दिशेप्रमाणे बदलते, कडा दोन्ही बाजूंनी सारख्या, रंग अजून काळाभोर. ही बोरूची खूण, शाई काजळीची. दुसऱ्यावर अक्षर बारीक आणि किंचित तिरपं. एका उभ्या रेघेत मधोमध कोरी फट आणि तिच्या दोन्ही कडांना दोन बारीक रेघा. ही टाकाची खूण. दाबाने पाती फाकली, पण मधली शाई संपली होती, म्हणून दोन पात्यांचे दोन माग राहिले. शाई तपकिरी झालेली, म्हणजे लोहाची असावी. बोरूच्या जागी पोलादी टाक आला तसं मोडीचं वळणही बदललं. आंग्लकालीन मोडी जुन्या मोडीहून बारीक आणि तिरकी दिसते ती त्यामुळे.

"काका, हा दुसरा अलीकडचा आहे. दोन्हींना प्लॅस्टिक लावू नका, घडी घालू नका. मोठ्या फायलीत सपाट ठेवा."

लॅमिनेशनमुळे जुन्या कागदाचं नुकसान होतं, ते मी सगळ्यांना सांगते. काकांनी कागद तसेच फायलीत घातले.

संध्याकाळी ६

सुट्टीतली मुलं येतात. काही जण एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेला बसणार आहेत, काहींना फक्त अक्षर सुधारायचं आहे. सुरुवात मी बोरूने करते. बोरू मुलांना अक्षराची जाडी कुठे हवी ते शिकवतो. टोकदार निब ती जाडी हातातून काढायला लावते. बोरूवर हात बसलेल्या मुलाला निब लवकर जमते.

भिंतीवर अच्युत पालव यांच्या मोडी वळणातल्या सुलेखनाचं एक कात्रण आहे. त्यांना २०२५मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मुलांना ते दाखवलं होतं. संगणकावर मराठी ज्या मंगल फाँटमध्ये अनेकांनी पहिल्यांदा वाचली, तो र. कृ. जोशी यांनी घडवला. तेही मूळचे हाताने अक्षर काढणारे. हे ऐकून मुलं जरा नीट बसतात.

सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "ताई, मला वाढदिवसाला निब मिळणार आहे. कोणती सांगू?"

"आधी कोणत्या वहीत लिहिणार ते सांग."

तिने वही आणली. नेहमीची शाळेची वही, पातळ कागद. तिच्यावर फाउंटन पेनची शाई मागच्या पानावर उतरते. मी तिला बॉण्ड कागदाचे काही ताव घ्यायला सांगितले, काळ्या पोस्टर रंगाची एक बाटली, आणि निब जी. तिच्या हाताचा दाब अजून कमी-जास्त होतो. लवचीक निब दिली तर पात्यांचं टोक वाकेल आणि तिला वाटेल की आपल्याला जमत नाही. पहिली निब कडक असावी, म्हणजे हात मोकळा होतो.

सरावाला फार काही लागत नाही. उभ्या रेघा, दाब देऊन. मग वर जाणाऱ्या रेघा, दाब न देता. मग दोन्ही जोडून कमान. मुलं ते कंटाळून करतात. मी त्यांना त्यांच्या आजीचं नाव लिहायला सांगते. नाव लिहायला लागली की हात आपोआप सावकाश होतो.

रात्री ८ ते १०

तापमान थोडं उतरलं की रात्रीचं काम. आज लग्नाच्या पाकिटांवरची नावं. मुलगी सोनपेठची, दिली पुण्यात, आणि सासरच्यांना काही नावं इंग्रजीत हवी आहेत. इंग्रजीला मी तिरका होल्डर काढते. त्याच्या कडेला पितळेची पट्टी असते आणि निब तिच्यात तिरकी बसते. त्यामुळे ५५ अंशांच्या अक्षराची दिशा आणि निबेची चीर जुळते. मनगट मुरगळावं लागत नाही. निब इथे प्रिन्सिपल, पाकिटाचा कागद गुळगुळीत आहे म्हणून.

शाई सोनेरी. ही खरी सोन्याची नाही. अभ्रकाच्या चमकदार चूर्णाचा जलरंग. कण जड असतात, पाण्यात खाली बसतात. म्हणून बाटलीत निब बुडवायची नाही. ब्रशने रंग कालवून निबेच्या पाठीवर भरायचा, आणि दर नावाला पुन्हा कालवायचा. न कालवता लिहिलं तर पहिलं अक्षर सोनेरी आणि शेवटचं मातकट येतं.

मधूनच लाइट गेली. इन्व्हर्टरवरचा पंखा मी बंद केला. वाऱ्याने सोनेरी शाई लवकर सुकते आणि पाकीटही उडतं. दिव्याखाली उरलेली नावं संपवली.

शेवटचं काम आवराआवरीचं, आणि ते मी कधी टाळत नाही. मायफळाच्या शाईत बुडलेली प्रत्येक निब धुवायची, फडक्याने पुसायची, रात्रभर उघड्यावर वाळू द्यायची. ओली निब डबीत बंद केली तर सकाळी तिच्या चिरेत गंज दिसतो. बाटल्यांची झाकणं घट्ट लावून त्या खोलीच्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवायच्या.

दिवसभर कोणी काय आणलं ते आठवलं की हिशोब सरळ लागतो. कागद गिऱ्हाईक आणतं आणि हवा आपल्या हातात नसते. या दोन गोष्टी ठरलेल्या असतात. त्यांना पाहून शाई ठरते, आणि कागद-शाई ठरल्यावर उरलेल्या दोन-तीन निबांतून एक निवडायची असते. उलट क्रमाने, म्हणजे आधी महागाची निब घेऊन तिच्यासाठी बाकीचं शोधत बसलं, तर पैसे जातात आणि अक्षर हाती लागत नाही.

म्हणून शाळांना, संस्थांना आणि शिबिरं घेणाऱ्यांना एकच मागणं आहे. प्रमाणपत्रं छापायला टाकताना चकचकीत कार्ड आणि लॅमिनेशन टाळा. साधा, वर थर न दिलेला जाड कागद घ्या. तो महाग पडत नाही. नावासाठी पुरेशी मोकळी जागा सोडा, आणि गावात अक्षर काढणारा कुणी असेल तर छपाईआधी त्याला कागदाचा एक तुकडा दाखवा. मुलाच्या हातात पडणाऱ्या त्या कागदावर बाकी सगळं छापील असतं. निदान त्याचं नाव तरी कुणीतरी हाताने, नीट बसून लिहिलेलं असू द्या.